दोन भोकांमधले अंतर

गुलमर्गला किंवा औलीला जाऊन आलेल्यांनी स्की जवळून पाहिल्या असतील. बर्फावरून घसरण्याच्या त्या लांबट पट्ट्या. पण बूट पट्टीला धरून ठेवणाऱ्या पकडीकडे, म्हणजे बाइंडिंगकडे, फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ऑस्ट्रियात स्की-दुरुस्तीच्या एका दुकानात मी काही हिवाळे काम केले. तिथे माझा बराच वेळ या बाइंडिंगची भोके मोजण्यातच जाई.

बाइंडिंगचे काम दुहेरी असते. एरवी बूट घट्ट धरायचा. पण माणूस पडला, पाय पिरगळू लागला की तो लगेच सोडायचा. किती जोराला सोडायचा, हे स्क्रू फिरवून ठरवता येते. मात्र पुढचा आणि मागचा भागच चुकीच्या अंतरावर बसले असतील, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. बूट वेळेवर सुटला नाही, तर नडगी मोडते किंवा गुडघा दुखावतो.

जुन्या स्कीवर नवे बाइंडिंग बसवताना पहिला प्रश्न असतो, आहेत ती भोके चालतील का? पुढच्या भागाला बहुधा चार स्क्रू असतात, मागच्यालाही तसेच. प्रत्येक जोडीची रुंदी वेगळी मोजावी, कारण पुढची जोडी आणि मागची जोडी सारखीच असेल असे नाही. मग दोन जोड्यांमधले अंतर घ्यावे.

अंतर घ्यायचे ते भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पण भोकाचा मध्य म्हणजे नुसती पोकळी. तिथे कॅलिपर टेकवणार कुठे? यावर सोपी युक्ती आहे. दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा, मग आतल्या कडांमधले. समजा, ते ४६ आणि ३८ मिलिमीटर आले. दोन्हींची बेरीज करून निम्मे करा. उत्तर ४२. भोके लहानमोठी असली तरी हा हिशेब चुकत नाही. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. गवंडी खोलीचा काटकोन तपासतो, तसेच हे. कर्ण सारखे नसतील, तर कुठलेतरी भोक सरकलेले आहे.

छापील कागदी नमुना वापरणार असाल, तर आधी त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीने मोजून पाहा. छापताना कागद ९७ टक्क्यांवर आला, तर ३०० मिलिमीटरच्या अंतरात ९ मिलिमीटरची चूक होते.

नवे भोक जुन्याच्या अगदी शेजारी पाडू नये. मधला लाकडी भाग कमजोर होऊन स्क्रू निघून येतो. साधारण एक सेंटिमीटर अंतर ठेवतात आणि जुनी भोके गोंद लावून बुचाने बंद करतात. ड्रिलचा आकार आणि भोकाची खोली बऱ्याच स्कींवर छापलेली असते. आत धातूचा थर नसेल तर साधारण ३.५, असेल तर ४.१ मिलिमीटर, खोली ९ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून खोल गेलात, तर ड्रिल तळातून बाहेर डोकावण्याची भीती.

आपल्यापैकी बहुतेकजण स्की भाड्याने घेतात, त्यांना भोके पाडायची नसतात. पण पुढच्या वेळी दुकानात बूट चढवलात की थोडे थांबा. तुमचे वजन आणि बुटाच्या तळाची लांबी विचारून दुकानदाराला तुमच्यासमोर बाइंडिंग जुळवायला सांगा. पाच मिनिटे जातील, पण पाय सुखरूप घरी येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)