फुकटची पाणीतपासणी

लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यात फिल्टर विकायला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात. एक, पेनाएवढा टीडीएस मीटर. दुसरी, चार सळ्या लावलेलं, विजेवर चालणारं छोटं यंत्र. ओसरीवर दोन ग्लास मांडले जातात. एकात घरच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. सळ्या बुडवून बटण दाबलं की मिनिटा-दोन मिनिटांत बोअरच्या ग्लासात आधी हिरवट आणि मग विटकरी गाळ उसळतो. शेजारचा ग्लास जसाच्या तसा. “बघा मावशी, हे पिताय तुम्ही रोज!” एवढं म्हटलं की पुढचं काम तो गाळच करतो.

गाळ खरा असतो, पण तो पाण्यातला नसतो. प्रत्येक ग्लासात उतरलेल्या दोन सळ्यांपैकी एक लोखंडाची असते, दुसरी ॲल्युमिनियमची. पाण्यातून वीज वाहायची तर त्यात क्षार विरघळलेले हवेत. बोअरच्या पाण्यात ते असतात, म्हणून वीज वाहते, लोखंडाची सळई झिजते, त्या लोखंडाचं हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हवा लागली की तांबूस पडतं. आरओच्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले. तिथे वीज जेमतेमच वाहते, मग गाळ कुठून येणार? खात्री करून घ्यायची असेल तर त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगावं. तोच गाळ तिथेही वर येतो. मिठाचा विषय निघाला की विक्रेत्याला बहुधा पुढच्या घरी जायची घाई होते.

सळ्यांचा खेळ एकदा कळला की लोक त्याला हसतात. मीटरवरचा विश्वास मात्र सहसा ढळत नाही, कारण तिथे आकडा दिसतो. 640 असा आकडा आला की पाणी खराब, 40 आला की उत्तम, हा हिशेब आता घराघरांत पोचला आहे. वस्तुस्थिती अशी की टीडीएस मीटर पाण्यातले क्षार थेट मोजतच नाही. तो पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. हा गुणक कंपनीगणिक साधारण 0.5 ते 0.7 असतो. समजा, पाण्याची विद्युतवाहकता 1000 आहे. एका मीटरवर ते पाणी 500 दाखवेल, दुसऱ्यावर 700. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा नेमकी 500 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. म्हणजे पाणी तेच, पण एक मीटर त्याला पास करतो आणि दुसरा नापास.

त्याच मानकात दुसराही एक आकडा आहे, तो ओसरीवर कधी ऐकू येत नाही. पर्यायी स्रोत नसेल तर 2000 पर्यंत टीडीएस असलेलं पाणी पिण्यासाठी चालतं. अहमदपूर बालाघाटच्या डोंगररांगेत, काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेलं आहे. या खडकाच्या भेगांतून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असणारच. त्यामुळे पाणी जड लागतं, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. हा सगळा त्रास खराच आहे. पण जड पाणी म्हणजे विषारी पाणी नव्हे.

आता मीटरला काय दिसत नाही ते पाहू. आरओच्या ग्लासात चमचाभर साखर विरघळवावी आणि मीटर बुडवावा. आकडा जवळपास जागचा हलत नाही, कारण साखर विरघळली तरी वीज वाहून नेत नाही. बहुतेक कीटकनाशकांचं असंच आहे. ई-कोलायसारखे जिवाणू तर त्या आकड्यात अजिबात उतरत नाहीत. गटाराचा पाझर लागलेल्या विहिरीचं पाणी 300 दाखवू शकतं आणि निर्धोक बोअरचं 900. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा 1 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5. एकूण 600 क्षारांमध्ये फ्लोराइड 0.8 आहे की 2, हे मीटरला कळण्याची काही सोयच नाही. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडने दातांवर डाग पडलेली, हाडं दुखणारी माणसं आहेत. त्यांचा प्रश्न या पेनाने कधीच पकडला गेला नसता.

नायट्रेटची कथा अहमदपूरच्या अधिक जवळची. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या भूजल नमुन्यांपैकी जवळपास 36 टक्क्यांमध्ये नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. देशात हा त्रास सर्वाधिक असलेल्या 15 जिल्ह्यांची यादी त्या अहवालात आहे आणि तिच्यात शेजारच्या नांदेड आणि बीडचं नाव आहे. नायट्रेट येतं युरियातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. हापशाचं पाणी थंडगार आणि नितळ लागतं म्हणून बाळाच्या दुधाच्या पावडरीत तेच मिसळलं जातं. नेमका तान्ह्या बाळालाच त्याचा सर्वात मोठा धोका असतो, कारण नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटते. आणि हे पाणी उकळून काही उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराइड तसंच राहतं, उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात किंचित दाटतं.

असं असताना दुकानदाराची तपासणी मानायची कशाला? हा प्रश्न फक्त मराठवाड्याला पडलेला नाही. अमेरिकेत घरामागे पोहण्याचे हौद असलेले लोक याच कोड्यात अडकतात. तिथे हौदाची रसायनं विकणारं दुकान पाणी फुकट तपासून देतं आणि तपासणीच्या कागदावर खाली काय काय विकत घ्यायचं याची यादी छापून येते. दुकानातला माणूस लबाडच असतो असं नाही. पण ज्याच्या हातात मोजमाप आहे, त्याच्याच हातात बिलबुकही असेल, तर आकडा कुठल्या बाजूला झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तरी दुकान नको म्हणून घरचं किट घेतलं की झालं, हेही खरं नाही. घरात काय मोजता येतं आणि काय नाही, हे पदार्थागणिक बदलतं. क्लोरीनच्या बाबतीत घरच्या तपासणीला प्रयोगशाळाही मागे टाकू शकत नाही. क्लोरीन टिकत नाही. उन्हात, उघड्या भांड्यात, प्रवासात तो उडून जातो. शिवाय जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळा जी निर्जंतुक बाटली देते, तिच्यात सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. ते क्लोरीन मुद्दाम मारतं, म्हणजे नमुना घेताना पाण्यात जेवढे जिवाणू होते तेवढेच प्रयोगशाळेत सापडावेत. मग त्या बाटलीतून क्लोरीनचा आकडा कसा मिळणार? तो नळापाशीच काढावा लागतो.

ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी हे काम ओटी टेस्टने करतो. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि उमटलेला पिवळा रंग क्लोरोस्कोपच्या पट्टीशी ताडून पाहायचा. ग्राहकाच्या नळाला निदान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन उरलेला हवा. रंग लगेच वाचायचा असतो. पाच-दहा मिनिटं गप्पा मारून पाहिला तर संयुक्त क्लोरीनही त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. दुसरी गोम जागेची. टाकीखालच्या पहिल्या नळावर चाचणी घेऊन वहीत नोंद करणं सोपं, पण खरी परीक्षा वस्तीच्या शेवटच्या नळावर होते. पाणी काही दिवसांआड सुटणाऱ्या गावात मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. शेवटच्या नळाला पिवळा रंग उमटलाच नाही, तर वाटेत काहीतरी क्लोरीन खाऊन टाकतंय. आणि हो, ऑर्थोटोलिडीन विषारी आहे. तपासलेलं पाणी परत हंड्यात ओतायचं नसतं.

आधुनिक किटमध्ये ओटीऐवजी डीपीडी असतं आणि रंग गुलाबी येतो. त्याचीही एक खोड आहे. क्लोरीन अतोनात असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो. पाणी रंगहीन राहतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, क्लोरीन शून्य. मग तो आणखी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ओततो. शंका आली तर तेच पाणी क्लोरीन नसलेल्या पाण्यात पाचपट पातळ करून पुन्हा तपासावं.

जंतूंसाठी घरात वापरता येणारी चाचणी म्हणजे एचटूएस कुपी. 1982 साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी ती जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये मांडली आणि पुढे ती जगभर गेली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि कुपी उबदार जागी ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतून आलेल्या जिवाणूंचा संशय. डिसेंबरच्या थंडीत कुपी ओट्यावर ठेवली तर रंग उशिरा येतो आणि लोक पाणी चांगलं समजून मोकळे होतात. उलट काही खोल बोअरमध्ये मुळातच गंधकाचा वायू असतो, तिथे जिवाणूंशिवायही कुपी काळी पडते. थोडक्यात, काळी कुपी ही फिर्याद आहे, निकाल नव्हे.

15 ऑगस्ट 2019 ला सुरू झालेल्या जल जीवन मिशनने गावागावांत क्षेत्रीय तपासणी संच पोचवले आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ते हाताळायला शिकवायचं ठरवलं. हे संच खेळणी नाहीत. सामू, जडपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड यांचा प्राथमिक अंदाज ते बऱ्यापैकी देतात. अडचण बहुधा बाटलीत असते. द्रावणाची मुदत संपलेली, झाकण नीट न लावलेलं, पेटी उन्हातल्या खिडकीत पडलेली. फ्लोराइडच्या चाचणीत तर गुलाबी आणि पिवळ्याच्या मधल्या छटा डोळ्यांनी ओळखायच्या असतात, त्या ट्यूबलाइटखाली वेगळ्या दिसतात आणि अंगणात वेगळ्या. संचात नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेच्या आसपास दिसलं, की नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

प्रयोगशाळा म्हटलं की लोक कचरतात. तिथे आपल्यासारख्याचं पाणी कोण घेणार, ते फक्त ग्रामपंचायतीचं घेतात, असा समज पक्का आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे लातूरलाही आहेत, आणि जल जीवन मिशनच्या 2021 च्या आराखड्यानुसार त्या अल्प शुल्कात सामान्य नागरिकांसाठीही खुल्या केल्या आहेत. जाताना एकच चूक टाळायची, ती म्हणजे शीतपेयाची रिकामी बाटली विसळून नेणं. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खळखळून घेतला तरी चालतो. जिवाणूंसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली हवी, ती विसळायची नाही, बुचाच्या आत बोट लावायचं नाही, नमुना बर्फात ठेवायचा आणि 24 तासांच्या आत पोचवायचा.

राहता राहिला जार. ‘फिल्टरचं पाणी आहे, त्याला काय तपासायचं?’ असं म्हणणाऱ्यांनी 2025 च्या जानेवारीतलं पुणं आठवावं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव आणि किरकटवाडी भागात (हे नांदेड पुण्याचं) गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. महापालिकेने विहिरी, टँकर आणि खासगी आरओ केंद्रांचं पाणी तपासलं, तेव्हा कित्येक आरओ केंद्रांच्या पाण्यात जिवाणू सापडले आणि ती बंद करावी लागली. कारण समजायला अवघड नाही. आरओच्या आधी बसवलेला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. पडद्यातून बाहेर आलेलं पाणी स्वच्छ असतं, पण त्याच्याजवळ स्वतःचं रक्षण करायला काही उरत नाही. मग साठवणटाकी, पाइप, वर्षानुवर्षं फिरणारा जार आणि तो भरणारा हात यांपैकी एक जरी अस्वच्छ असेल तरी पुरतं. मीटर अशा जारमध्ये बुडवला तर तो खुशाल 40 दाखवतो. आयएस 14543 हे मानक सीलबंद पाण्यासाठी आहे. लग्नाच्या मांडवात येणाऱ्या उघड्या थंडगार जारवर ते शोधून सापडत नाही.

याचा अर्थ आरओ टाकाऊ असा नाही. टीडीएस खरोखरच 2000 च्या वर असेल, किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेट, फ्लोराइड जास्त आलं असेल आणि दुसरा स्रोत नसेल, तर घरगुती उपकरणांत आरओच उपयोगी पडतो. साध्या कँडल फिल्टरने ते जात नाहीत. मात्र टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये केंद्राला सांगितलं होतं. एक लिटर पाण्यामागे घरगुती यंत्र दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा हिशेब आधी मांडायला हवा.

आणि अहवाल कायमचा नसतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या महिन्यात बोअरचा जुना अहवाल नळाच्या पाण्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हता. दर उन्हाळ्यात लहान प्रमाणात हेच होतं. नळ बंद, टँकर चालू, अधिग्रहित बोअर कोणाच्या शेतातलं कोणास ठाऊक. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, असा सरकारी नियम आहे. स्रोत बदलला की ती पुन्हा करायची आणि बाटलीवर तारखेसोबत पाणी कुठल्या बोअरचं, कुठल्या नळाचं तेही लिहायचं. नाहीतर प्रयोगशाळेचा नेमका आकडाही कोणत्या पाण्याचा, हे दोन महिन्यांनी घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.