न पडणारे अडथळे : अविनाश साबळेची वाटचाल

टीव्हीवर अडथळ्यांची शर्यत लागली की आपल्याकडे दोन शर्यतींची नेहमी गल्लत होते. ११० मीटर हर्डल्समध्ये पाय लागला तर अडथळा आडवा होतो, धावपटू पुढे निघून जातो. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये अडथळा म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर उंचीची जाड तुळई. ती पडत नाही, पडतो तो माणूस. असे २८ अडथळे आणि त्याशिवाय ७ वेळा तुळईपलीकडे पाण्याचा खड्डा. बूट ओले झाले तरी वेग कमी करायची सोय नाही.

अविनाश साबळे याच शर्यतीतला. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. किनवट-नांदेडकडे सोयरीक असलेल्या आपल्या घरांना मराठवाड्यातला दुष्काळ काय असतो हे सांगायला नको. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानची वाळूही. स्टीपलचेसकडे तो वळला २०१७ मध्ये, म्हणजे बाविशीत. एवढ्या उशिरा सुरुवात करून कोण पुढे जातं, असं कुणालाही वाटलं असतं.

पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मग तो स्वतःचाच विक्रम मोडत राहिला.

माझ्या मते त्याची सर्वांत मोठी शर्यत २०२२ ची, बर्मिंगहॅमची. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून या शर्यतीतली तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता. अविनाशने ८:११.२० वेळ दिली, म्हणजे दर ४०० मीटरला साधारण साडेपासष्ट सेकंद, तेही अडथळे ओलांडत! अब्राहम किबिवोट फक्त ०.०५ सेकंदाने पुढे राहिला. रौप्य मिळालं, केनियाची मक्तेदारी मोडली.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि महिनाभरात तिथेच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. या शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. मे २०२५ मध्ये गुमीला आशियाई अजिंक्यपदही त्याने जिंकलं.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीपाशी तो पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.