जंत : वैरी की वैद्य ?

पोटातील जंत आपले वैरी, हे आपण जाणतोच. परंतु देहात टिकून राहण्यासाठी हेच जंत आपल्या प्रतिकारशक्तीला आवर घालतात. ‘क्रोन’ नामक विकारात ही शक्ती बेफाम होऊन आपल्याच आतड्यांवर उलटते. मग जंतांकरवी तिला लगाम घालता येईल काय ?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. जोएल वाइनस्टॉक व सहकाऱ्यांनी २९ रुग्णांना दर तीन आठवड्यांनी डुकरातील एका जंताची २५०० अंडी पाजली. २४ आठवड्यांअखेर २३ जणांस उतार पडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१३ साली मोठ्या तौलनिक चाचणीत ही अंडी बनावट औषधाहून सरस ठरली नाहीत.

कल्पना कितीही मनोहर असो, कसोटीस उतरेल तेव्हाच ती औषध होते. तोवर जंतनाशक गोळी आपण चुकवू नये.