23 किलोंचे 8 कसे होतात?

23 किलो, 25 सेंटिमीटर, 75 सेंटिमीटर. ओझी उचलणाऱ्याची कंबर वाचवायची तर हिशेब इथून सुरू होतो. अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रातले हे आकडे. हात घोट्यांपासून 25 सेंमी पुढे आणि जमिनीपासून 75 सेंमी वर असतील, पकड पक्की असेल आणि खोका अधूनमधूनच उचलायचा असेल, तर मर्यादा 23 किलो. याहून सोयीची जागा सूत्रात नाही. इथून आकडा फक्त उतरतो.

समजा, भिवंडीतल्या एखाद्या गोदामात खोके जमिनीवर आहेत आणि पॅकिंगचं टेबल 75 सेंमी उंच. हात जमिनीला टेकले की मर्यादा 0.775 पट. खोका रुंद, हात 50 सेंमी पुढे, म्हणजे थेट निम्मी. टेबलापर्यंत वर आणायचा, 0.88 पट. गुणाकार केला की उरतात 7.8 किलो. मिनिटाला चार खोके, तेही आठ तास, म्हटल्यावर साडेतीनच.

सर्वांत महाग पडतं ते पुढचं अंतर. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच-सहा सेंमीवरून ओढतात आणि खोका असतो अर्ध्या मीटरवर. त्यामुळे त्यांना ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या चकतीवर येतो.

म्हणून 'कंबर नको, गुडघे वाकवा' हा सल्ला अर्धाच. खोका रुंद असला की गुडघेच मध्ये येतात आणि तो आणखी लांब जातो. कंबरपट्ट्याचीही तीच गत. अमेरिकेतल्या 160 दुकानांमधल्या नऊ हजारांवर कामगारांची पाहणी 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. पट्ट्याने दुखापती घटल्याचं तीत दिसलं नाही. तरी आधी पट्टेच घेतले जातात. पट्टा कामगाराने बांधायचा असतो, टेबल मालकाला हलवावं लागतं!

खरं तर रिकामं लाकडी पॅलेट साधारण 15 सेंमी उंच असतं. पाच एकावर एक रचली की 75 सेंमी झाले. अधूनमधून उचलण्याची मर्यादा तेवढ्याने 7.8 वरून साडेअकरा किलोंवर जाते. खोका अरुंद बाजूने धरून 35 सेंमीवर ओढता आला तर सोळावर.

सिमेंटच्या गोणीपुढे मात्र हे सगळं थिटं पडतं. ती 50 किलोंची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत पुरुषांसाठी 55 किलोंचा आकडा आहे, त्यामुळे कागदावर ती बसते. पण अगदी सोयीच्या जागी, दोघांनी मिळून धरली तरी प्रत्येकाच्या वाट्याला 25 किलो येतात.