हिंगोलीतील आमचे सीमोल्लंघन

आश्विन शुद्ध दशमीस गावाची शीव ओलांडून ईशान्येस जावे, शमीचे व अपराजितेचे पूजन करावे आणि आपट्याची पाने घेऊन घरी परतावे, असा शास्त्रसंकेत आहे. भाविक वाचकहो, गतवर्षी आम्ही हे सीमोल्लंघन थोडे निराळ्या रीतीने केले. त्याची ही हकीकत.

आम्ही औंढा नागनाथचे. नागेशाच्या पायरीशी आमचे आयुष्य गेले. हिंगोली तेथून सुमारे २५ किलोमीटरवर. नवरात्रातील कीर्तनांसाठी तेथे कितीदा जाणे झाले, याची गणती नाही. परंतु मोटारतळापासून देवळापर्यंत आणि देवळापासून यजमानांच्या ओसरीपर्यंत, एवढीच आमची हिंगोली! तेथील दसरा महोत्सवाची परंपरा १८५५ सालापासूनची. खाकीबाबा मठाचे महंत मानदासबाबा यांनी ती आरंभिली. त्यातील रामलीलेस येण्याचा आग्रह यजमान दरवर्षी करीत. हिंदी बोलीतील नाटकी खेळ तो, नारदीय परंपरेच्या कीर्तनकाराचे तेथे काय काम, असे मनात आणून आम्ही तो टाळीत असू. हे लिहिताना संकोच वाटतो. पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

गतवर्षी नवमीचे कीर्तन आटोपले आणि दशमीचा दिवस मोकळा मिळाला. सकाळीच उपरणे खांद्यावर टाकून आम्ही एकटेच शहर पाहावयास निघालो.

प्रथम गड्डेपीर गल्लीतील विघ्नहर्त्या चिंतामणी गणपतीचे दर्शन घेतले. गल्ली पिराच्या नावाची आणि आत विराजमान गजानन! अनंत चतुर्दशीस नवसाच्या मोदकासाठी येथे लोटणारा जनसमुदाय प्रसिद्धच आहे. त्या गर्दीतील कोणासही या नावाची अडचण झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पुढे जलेश्वरास नमस्कार केला आणि मग ज्या वस्त्यांची केवळ नावेच कानांवर होती, तिकडे वळलो. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा.

ही नावे म्हणजे एका फौजेचा मागे राहिलेला संसार होय. निजामाच्या राज्यात वऱ्हाडच्या सीमेलगत वसलेली हिंगोली एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणी होती. हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखली जाणारी फौज येथे राही. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. पायदळ ते पलटणीत, घोडदळ ते रिसाल्यात, तोफा तोफखान्यात. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदी सेनेत सामील झाली. पुढे निजामाचे राज्यही गेले, १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास पेन्शनपुऱ्याचे मोठे कौतुक वाटते. पूर्वपद इंग्रजी, उत्तरपद संस्कृत! असा समास पाणिनीच्या स्वप्नातही आला नसेल. पण निवृत्त शिपायांच्या वस्तीस याहून नेमके नाव आम्हांस तरी सुचत नाही.

तेथेच एका ओट्यावर एक वयोवृद्ध गृहस्थ झेंडूचे तोरण ओवीत बसले होते. आम्ही पाणी मागितले. त्यांनी गूळही आणविला. "आमचे पणजोबा उत्तरेतून रिसाल्यात आले, बुवा. घोडा गेला, पगार गेला. घरात तुलसीदासजींची पोथी तेवढी राहिली. रामलीला आम्हांला घरच्यासारखी वाटते, ती त्यामुळे." मग त्यांनी विचारले, "आपण कुठले?"

"औंढ्याचे."

"म्हणजे जिथे नामदेव महाराजांसाठी देऊळ फिरले, तिथले!"

ते भक्तिभावाने बोलले. आम्ही मात्र वरमलो. ती कथा आम्ही शेकडो वेळा कीर्तनात सांगितली आहे. नागनाथासमोर कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवरायांना तेथील पुजाऱ्यांनी मागील बाजूस घालविले आणि देवाने आपले द्वार तिकडे फिरविले. सांगताना आम्ही सदैव नामदेवांच्या बाजूस उभे असतो. त्या दिवशी प्रथमच, पुजाऱ्यांच्या रांगेत आपण कोठे आहोत, हे आम्हांस दिसले. बरे, नामदेवराय तर कयाधूकाठच्या याच नरसीचे. ते उत्तरेस गेले, तिकडच्या बोलीत गायिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने विराजमान आहेत आणि पंजाबातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने पुण्यक्षेत्र झाले आहे. आपल्या संताची हिंदी वाणी पंजाबाने शिरोधार्य मानावी आणि उत्तरेतून येथे आलेली रामकथा आम्ही बोलीच्या सबबीवर टाळावी!

सायंकाळी त्यांच्यासमवेत आम्ही रामलीला मैदानावर गेलो. गर्दी अफाट होती. आमच्या पुढ्यात एक बाई लेकरास कडेवर घेऊन उभी होती. रावण उभा दिसताच ते लेकरू रडू लागले आणि तो पेटताच टाळ्या पिटू लागले. दशाननाची एकेक मस्तके कोसळत असता आमच्या मुखातून आपसूक जयघोष निघाला. कोणत्या भाषेत निघाला, ते आता स्मरत नाही.

परतताना त्या गृहस्थांनी आपट्याची पाने आमच्या हाती ठेविली. वयाने ते वडील, म्हणून आम्ही वाकून नमस्कार केला. तर तेच पाया पडू लागले. पुढील नवरात्रात एक कीर्तन आपल्या ओट्यावर व्हावे, अशी इच्छा आम्हीच बोलून दाखविली.

"आख्यान कोणते लावाल, बुवा?"

"नामदेवरायांचे," आम्ही म्हणालो.