पाण्यातून गाडी काढल्यावर येणारे आवाज

सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठ पाण्याखाली गेला. युसूफ वडगावहून बाजाराला माल नेणाऱ्या व्यापारी बांधवांना पावसाळ्यात ओढ्याचे पाणी चुकत नाही. नंतर गाडी कुरकुरू लागली तर आवाज कोठून येतो ते आधी ऐकावे.

ब्रेक दाबताना चीं-चीं होत असेल तर लायनर ओले आहेत. हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबले की बहुधा सुकतात. इंजिनच्या पट्ट्याचे ओरडणेही तसेच. चाकाजवळ सतत खरखर असेल तर पत्र्यात खडा अडकला असावा. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं मात्र बेअरिंगची. ती काही दिवसांनी सुरू होते, म्हणून तिचा संबंध पाण्याशी कोणी जोडत नाही.

खरी जोखीम इंजिनच्या ठकठकीत आहे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला, विशेषतः डिझेलच्या, पुन्हा चावी मारू नये. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर पाहा. ओला असेल तर मिस्त्री येईपर्यंत स्टार्टरला हात लावू नका. चावी मारल्याने झालेले इंजिनचे नुकसान साध्या विम्यात बहुधा धरत नाहीत.