वार्धक्याच्या नावाखाली झाकलेले दुखणे

वृद्ध स्त्री दवाखान्यात येते तेव्हा आपले मन खचले आहे, असे ती सहसा सांगत नाही. छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, रात्र रात्र डोळा लागत नाही, अन्नावरची वासना उडाली, एवढेच ती सांगते. ‘आता वय झाले, चालायचेच,’ असे म्हणून तिची शक्तीच्या गोळ्यांवर बोळवण होते. वस्तुतः या तक्रारींमागे पुष्कळदा नैराश्य किंवा चिंताविकार असतो. हे विकार वार्धक्याचा अटळ भाग नव्हेत. ते उपचारांनी बरे होऊ शकतात.

२०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वार्धक्यविषयक पाहणीत साठीपुढील सुमारे ८ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. ज्यांचे निदान झाले होते, त्यांची संख्या याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच होती. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि त्यांतही विधवांत हे प्रमाण अधिक होते.

याचे कारण केवळ शरीरात शोधून भागणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील जवळजवळ निम्म्या स्त्रिया विधवा होत्या. पुरुषांत हेच प्रमाण सातांत एक एवढे होते. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांनी मराठवाड्यातील खेड्यांतून तरुणांना ओढून आणले. मागाहून त्यांच्या आयाही आल्या. गावाकडे ओसरी होती, शेजारणी होत्या, एकादशीचे भजन होते. येथे दोन खोल्यांत मुलगा-सून कामावर गेल्यावर दार लावून बसणे एवढाच दिवस उरतो. जन्मभर शेतात आणि चुलीपुढे राबलेल्या या स्त्रीला ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. घर मुलाच्या नावावर. औषधाचे पैसेही मागूनच घ्यावयाचे. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाले. परंतु दाखले आणि खेटे यांच्या पलीकडे जाण्यासाठी तिला कोणाचे तरी बोट धरावे लागते.

म्हणूनच गोव्यातील एक प्रयोग उद्बोधक ठरतो. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ वृद्ध स्त्री-पुरुषांपैकी ९१ जणांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी साहाय्य दिले. अडचणींतून वाट काढणे, झोपेचे नियम, आरोग्याची माहिती यांबरोबरच सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हाही त्या उपचाराचाच भाग होता. वर्षभरात या ९१ पैकी ४ जणांना नैराश्य जडले. उरलेल्या ९० पैकी १३ जणांना.

हा धडा मराठवाड्याने घ्यावयास हवा. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. शहरातील घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरविला आहे. परंतु उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या स्त्रीपर्यंत हक्क आपल्या पायांनी चालत जात नाही. रक्तदाब पाहणाऱ्या आरोग्यसेविकेने ‘झोप लागते का, कशात जीव रमतो का,’ हे दोन प्रश्नही विचारावेत आणि निवृत्तिवेतनाचा अर्जही भरून द्यावा. गोळीने झोप येईल. पण आपले या घरात काही स्थान आहे, हा विश्वास गोळीने येणार नाही. तो घराला आणि समाजालाच द्यावा लागेल.